सिस्टम ॲडमिनिस्ट्रेशनचे पहिले बारा आठवडे: घरच्या लॅपटॉपवर दोन सर्व्हर उभारून शिकण्याचा अभ्यासक्रम

ठाणे स्थानकातून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर गाड्यांना सकाळी जी गर्दी असते, तिच्यातील बराच भाग ऐरोली, रबाळे, घणसोली आणि कोपरखैरणे येथे उतरतो. पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधील ज्या औद्योगिक पट्ट्यात पूर्वी प्रामुख्याने रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, तिथे आता डेटा सेंटरच्या उंच, खिडक्या नसलेल्या इमारतीही दिसतात. त्या इमारतींतील, तसेच वागळे इस्टेटमधील लहानशा कचेरीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या सर्व्हरची, म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या संगणकांची, देखभाल करणारा माणूस म्हणजे सिस्टम ॲडमिन. मी ठाण्यात शनिवार-रविवारी या विषयाची एक लहान तुकडी शिकवतो. बीएस्सी आयटी किंवा पदविका पूर्ण करून आलेले विद्यार्थी बहुधा कोणते प्रमाणपत्र घ्यावे हेच पहिल्यांदा विचारतात. मी त्यांना प्रमाणपत्राच्या आधी हा बारा आठवड्यांचा अभ्यास घरीच करायला सांगतो. त्यासाठी रोज दीड तास आणि एक बऱ्यापैकी लॅपटॉप एवढे पुरते.

या सर्व अभ्यासाचा पाया एका नियमावर आहे. जो बदल मागे घेता येत नाही तो करायचा नाही, आणि मागे घेता येतो हे प्रत्यक्ष करून पाहिलेले नसेल, तर तो मागे घेता येत नाही असेच समजायचे. पुढील प्रत्येक पायरीवर हा नियम पुन्हा भेटेल.

लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टंकाव्यात आणि जिथे मोठे अक्षर असे म्हटलेले नाही तिथे लहान अक्षरेच वापरावीत, कारण लिनक्स या आपण वापरणार असलेल्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये लहान व मोठे अक्षर वेगवेगळे मानले जाते.

पहिला आठवडा: प्रयोगशाळा आणि नोंदवही

लॅपटॉपमध्ये किमान ८ जीबी रॅम आणि ६० जीबी मोकळी जागा असावी. रॅम १६ जीबी असल्यास काम अधिक सुकर होते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे याची खात्री करावी, कारण कित्येक लॅपटॉपमध्ये ती बंद असते आणि मग व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे आभासी यंत्र, सुरूच होत नाही. त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्स हा अशी यंत्रे चालवणारा प्रोग्राम बसवून त्यात उबंटू सर्व्हर २४.०४ ही लिनक्सची आवृत्ती दोन वेळा, म्हणजे दोन स्वतंत्र यंत्रांवर बसवावी. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला ५ वर्षे नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, म्हणून शिकण्यासाठी ती सोयीची आहे. प्रत्येक यंत्राला २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क द्यावी. नेटवर्कची दोन कार्डे जोडावीत, एक इंटरनेटसाठी नॅट प्रकारचे आणि दुसरे दोन्ही यंत्रांना व लॅपटॉपला आपसात बोलता यावे यासाठी होस्ट-ओन्ली प्रकारचे. ग्राफिकल डेस्कटॉप बसवू नये. सर्व्हरवर तो सहसा नसतो आणि त्याच्याविना काम करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागलेली बरी.

यंत्रांना सर्व्हर-१, सर्व्हर-२ अशी नावे देण्याऐवजी लक्षात राहणारी नावे द्यावीत. माझ्या तुकडीत एकाचे नाव ‘उल्हास’ आणि दुसऱ्याचे ‘गाढी’ असते. उल्हास नदीचे पाणी ठाण्याच्या बाजूने वसईच्या खाडीला मिळते आणि गाढी पनवेलजवळून वाहते. नाव ठळकपणे वेगळे असले की चुकीच्या यंत्रावर आज्ञा देण्याची शक्यता कमी होते, आणि या व्यवसायातील मोठे अपघात त्याच चुकीतून झालेले आहेत.

यंत्रे तयार होताच दोन्हींचा स्नॅपशॉट घ्यावा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची खूण असते आणि पुढे काही बिघडले तर तिथे परत जाता येते. मात्र तो त्याच डिस्कवर राहतो, म्हणून त्याला बॅकअप समजू नये.

याच आठवड्यात एक कागदी वही घ्यावी. प्रत्येक बदलाची तारीख, वेळ, यंत्राचे नाव, काय बदलले, का बदलले आणि तो मागे कसा घ्यायचा हे तिच्यात लिहावे. संगणकावर नोंद ठेवायला हरकत नाही. पण सर्व्हर बंद पडल्यावर त्याच सर्व्हरवरील नोंदी वाचता येत नाहीत, म्हणून निदान सुरुवातीला कागदच वापरावा, असा माझा आग्रह असतो.

दुसरा आणि तिसरा आठवडा: फाइली, डिरेक्टऱ्या आणि परवानग्या

‘पीडब्ल्यूडी’, ‘एलएस’, ‘सीडी’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘लेस’ आणि ‘ग्रेप’ या आज्ञा दोन-तीन दिवसांत हाताला सवयीच्या होतात. ‘आरएम’ वापरताना मात्र थांबून वाचण्याची शिस्त लावून घ्यावी, कारण तिथे रिसायकल बिन नसतो. एखादी आज्ञा अपरिचित असल्यास आधी ‘मॅन’ लावून तिचे पान वाचावे. सेटिंग्जच्या फाइली ‘/ईटीसी’ मध्ये, लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी, ‘/व्हार/लॉग’ मध्ये आणि वापरकर्त्यांचे सामान ‘/होम’ मध्ये असते, इतका नकाशा आरंभी पुरेसा आहे.

परवानग्यांना मात्र पुरेसा वेळ द्यावा. वाचण्याची किंमत ४, लिहिण्याची २ आणि चालवण्याची १. या तीन आकड्यांची बेरीज अनुक्रमे मालक, गट आणि इतर सर्व यांच्यासाठी मांडली की ६४० सारखी संख्या तयार होते, आणि तिचा अर्थ मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला केवळ वाचता येईल व इतरांना काहीच करता येणार नाही, असा होतो. डिरेक्टरीच्या बाबतीत १ चा अर्थ वेगळा आहे: तिच्यातून आत जाण्याची मुभा. म्हणूनच फाइलची परवानगी अचूक असूनही वरच्या डिरेक्टरीतून आत जाता येत नसेल तर ‘परमिशन डिनाइड’ हाच संदेश येतो, आणि नवखा माणूस फाइलकडेच पाहत बसतो. ‘नेमआय -एल’ या आज्ञेपुढे पूर्ण मार्ग दिला की प्रत्येक पायरीची परवानगी एका खाली एक दिसते.

अडचण आली की ७७७ देऊन मोकळे होण्याची सवय मला अतिशय घातक वाटते. तिच्यामुळे अडचण दिसेनाशी होते, पण सर्व्हरवरील कोणत्याही खात्याला ती फाइल बदलता येते. त्याऐवजी पुढील सराव करावा. ‘हिशेब’ नावाचा गट तयार करून त्यात दोन वापरकर्ते घालावेत, त्यांच्यासाठी एक सामाईक डिरेक्टरी करावी, तिचा गट ‘हिशेब’ ठेवावा आणि तिला २७७० ही परवानगी द्यावी. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. मग एका वापरकर्त्याने केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येते का ते पाहावे. येत नसल्यास कारण ‘युमास्क’मध्ये शोधावे, कारण नव्या फाइलवर गटाला लिहिण्याची मुभा राहते की नाही हे तोच ठरवतो. कचेऱ्यांमधील ‘फोल्डर उघडतो पण सेव्ह होत नाही’ ही नेहमीची तक्रार या एका सरावात पूर्ण समजते.

चौथा आठवडा: वापरकर्ते, सुडो आणि एसएसएच

रूट या सर्वाधिकारी खात्याचा क्रमांक ० असतो आणि त्याला जवळजवळ कोणतीही आडकाठी नसते. उबंटूत सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. रोजचे काम सामान्य खात्यातून करावे आणि गरज असेल तेवढ्याच आज्ञेपुढे ‘सुडो’ लावावे, म्हणजे तेवढी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालते. सुडोची फाइल बदलायची असेल तर ती ‘विसुडो’नेच उघडावी, कारण व्याकरणात चूक राहिली तर ते जतन करण्यापूर्वी सांगते. थेट बदललेल्या फाइलमध्ये एक अक्षर चुकले, तर सुडोच बंद पडते आणि ते दुरुस्त करण्यासाठी लागणारे अधिकारही हातचे जातात.

एसएसएचवर, म्हणजे दुसऱ्या यंत्रात नेटवर्कवरून सुरक्षित प्रवेश देणाऱ्या सेवेवर, पासवर्डऐवजी किल्लीने प्रवेश करण्याची पायरी ही पहिली खरी परीक्षा आहे, म्हणून ती क्रमाने सांगतो. लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन’ने ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करावी आणि तिला पासफ्रेज द्यावा. त्यानंतर ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने तिचा सार्वजनिक भाग ‘उल्हास’वर पाठवावा, खासगी भाग लॅपटॉप सोडून कुठेही जाता कामा नये. किल्लीने आत जाता येते याची खात्री झाल्यावरच एसएसएचच्या सेटिंग्जच्या मुख्य फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ला ‘नो’ करावे. सेवा नव्याने वाचायला लावण्याआधी ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवून व्याकरण तपासावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आधीचे टर्मिनल बंद न करता दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने प्रवेश करून पाहावा. प्रवेश झाला नाही तर पहिल्या टर्मिनलमधून बदल मागे घेता येतो, पण तेच बंद केले असेल तर महापेच्या डेटा सेंटरमध्ये रात्री प्रत्यक्ष जाण्यावाचून मार्ग उरत नाही.

या पायरीवर एक खाचखळगा हमखास भेटतो. मुख्य फाइलमध्ये पासवर्ड बंद करूनही सर्व्हर पासवर्ड स्वीकारत राहतो. उबंटूत ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या डिरेक्टरीतील फाइली आधी वाचल्या जातात आणि एसएसएच प्रत्येक पर्यायाची प्रथम सापडलेली किंमत धरते. तिथे क्लाउड-इनिटने (यंत्राची पहिली मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) ठेवलेल्या फाइलमध्ये ‘यस’ असेल तर तुमच्या ‘नो’ला अर्थ राहत नाही. ‘सुडो एसएसएचडी’पुढे वजा चिन्ह व मोठा टी दिला की प्रत्यक्ष लागू असलेली सर्व सेटिंग्ज दिसतात. फाइलमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्ष काय लागू आहे ते पाहायचे, ही दृष्टी इथे येते.

पाचवा आणि सहावा आठवडा: सेवा आणि लॉग

‘उल्हास’वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवावा. ‘सिस्टमसीटीएल’ने तो थांबवावा, सुरू करावा, त्याची स्थिती पाहावी. ‘स्टार्ट’ने सेवा आत्ता सुरू होते आणि ‘एनेबल’ने यंत्र पुन्हा चालू झाल्यावर ती आपोआप सुरू होते, हा फरक वहीत लिहून ठेवावा. केवळ ‘स्टार्ट’ केलेली सेवा वीज गेल्यानंतर परत येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील वीज एकदम गेली, तशा दिवशी असे सर्व दुर्लक्ष एकाच वेळी उघडे पडते. यूपीएस असला तरी त्याचे काम मुख्यतः सर्व्हर व्यवस्थित बंद करण्याइतका किंवा जनरेटर सुरू होईपर्यंतचा अवधी देणे हे आहे, हे ध्यानात ठेवावे.

नंतर मुद्दाम बिघाड करावेत. एनजिनएक्सच्या फाइलमधील एक अर्धविराम काढून टाकावा आणि ‘एनजिनएक्स -टी’ काय सांगते ते वाचावे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला ८० क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे वेब सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारावर विनंत्या घेतो ते दार, आधीच द्यावा, एनजिनएक्स सुरू करावा आणि ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ने तो पोर्ट कोणी धरला आहे ते शोधावे. प्रत्येक वेळी ‘जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स’ने लॉग पाहावा. माझ्या अनुभवात विद्यार्थी लॉग उघडतात, पण शेवटची ओळ वाचून थांबतात. मूळ कारण पुष्कळदा तिच्या वर, पहिल्या चुकीच्या संदेशात असते आणि खालच्या ओळी केवळ तिचे परिणाम असतात.

सातवा आठवडा: डिस्क

व्हर्च्युअलबॉक्समधून ‘उल्हास’ला १ जीबीची दुसरी डिस्क जोडावी, तिच्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टम करावी, ‘/डेटा’ या डिरेक्टरीवर ती माउंट करावी, म्हणजे जोडावी, आणि ‘एफस्टॅब’ या सुरुवातीला जोडायच्या डिस्कच्या यादीत यूयूआयडीने (डिस्कच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाने) तिची नोंद करावी. यंत्र पुन्हा चालू करण्याआधी ‘सुडो माउंट -ए’ जरूर चालवावे, कारण ‘एफस्टॅब’मधील चुकीमुळे यंत्र अर्ध्यावरच, इमर्जन्सी मोडमध्ये अडकते. हेही एकदा स्नॅपशॉट घेऊन मुद्दाम करून पाहावे.

आता ही लहान डिस्क भरावी. ‘डीएफ -एच’ १०० टक्के दाखवेल आणि ‘डीयू’ने कोणती डिरेक्टरी फुगली आहे ते कळेल. इथपर्यंत सोपे आहे. खरी शिकवण पुढील दोन प्रसंगांत आहे. पहिला म्हणजे जागा शिल्लक असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ असा संदेश येतो. लाखो लहान फाइलींमुळे आयनोड (प्रत्येक फाइलीमागे एक लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात आणि ते ‘डीएफ -आय’ने दिसते. दुसरा म्हणजे मोठी लॉग फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. ती फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने उघडी धरलेली असल्यास तिचे नाव जाते, पण जागा तो प्रोग्राम तिला सोडेपर्यंत अडकून राहते. अशा फाइली ‘सुडो एलएसओएफ’पुढे अधिक चिन्ह, मोठा एल आणि १ हा अंक जोडून लिहिले की दिसतात, आणि संबंधित सेवा पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते. म्हणून चालू लॉग पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट’ने रिकामा करावा आणि कायमची व्यवस्था जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणाऱ्या ‘लॉगरोटेट’कडे सोपवावी.

आठवा आठवडा: नेटवर्क

इथे थोडक्यात सांगतो, कारण नेटवर्क हा स्वतंत्र विषय आहे आणि ॲडमिनला सुरुवातीला तपासणीचा क्रम पक्का असणे पुरेसे ठरते. केबल किंवा कार्ड चालू आहे का, पत्ता मिळाला आहे का, गेटवेपर्यंत (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्रापर्यंत) पोहोचता येते का, नावाचे पत्त्यात रूपांतर होते का, पोर्ट उघडा आहे का आणि शेवटी सेवा उत्तर देते का, या क्रमाने खालून वर जावे. विंडोज संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळालेला नाही, हे लगेच ओळखता यावे. ‘यूएफडब्ल्यू’ ही नको असलेल्या जोडण्या अडवणारी फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट मोकळा केला आहे याची खात्री करावी. हा क्रम उलटा झाला तर आपणच बाहेर राहतो.

नववा आठवडा: घड्याळ आणि क्रॉन

वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्याचा सर्व्हर काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होता. बिलांच्या डेटाबेसच्या फाइली रोज रात्री २ वाजता दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याचे काम मी क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेला, दिले होते, आणि त्या वेळी कोणीही काम करत नसल्याने फाइली स्थिर असतील असे धरले होते. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होते. यूटीसीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, आणि तोवर पहिल्या पाळीतील लोक चलने बनवायला बसलेले असत. फाइली रोज लिहिल्या जात असतानाच उतरवल्या जात होत्या. डिस्क बिघडली तेव्हा त्या प्रती उघडल्या नाहीत आणि महिन्याभराची चलने कागदावरून पुन्हा भरावी लागली. ज्यांनी ती रात्री बसून भरली त्यांची माझ्या हलगर्जीपणात काहीच चूक नव्हती, आणि हा आठवडा मी कधीच घाईत शिकवत नाही.

म्हणून ‘टाइमडेटसीटीएल’ने प्रमाणवेळ पाहावी. ती ‘एशिया/कोलकाता’ (दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे) ठेवायची की यूटीसी, हा धोरणाचा प्रश्न आहे. अनेक देशांत सर्व्हर असतील तर यूटीसीच बरी, पण जी ठरेल ती वहीत पहिल्या पानावर लिहावी. प्रमाणवेळ बदलल्यास क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करावी. क्रॉनला तुमच्या टर्मिनलसारखा पूर्ण ‘पाथ’ (आज्ञा कोणत्या डिरेक्टऱ्यांत शोधायच्या याची यादी) मिळत नाही, म्हणून हाताने चालणारी स्क्रिप्ट तिथे अडते; आज्ञांचे संपूर्ण मार्ग लिहिले की हा प्रश्न मिटतो.

घड्याळ अचूक ठेवणे ही आता केवळ सोय राहिलेली नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी जोडायची आहेत, लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. दोन सर्व्हरच्या लॉगमधील वेळा जुळत नसतील तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे सांगताच येत नाही.

दहावा आणि अकरावा आठवडा: बॅकअप, आणि त्याहून अधिक पुनर्स्थापना

डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी १ दुसऱ्या जागी, हा ३-२-१ नियम प्रसिद्ध आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसात तळमजल्यावरील कचेरीत सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकत्रच जातात. ‘दुसरी जागा’ म्हणजे शेजारची खोली नव्हे.

‘आरसिंक’ या फाइलींच्या प्रती पाठवणाऱ्या आज्ञेने ‘उल्हास’वरील ‘/डेटा’ची प्रत ‘गाढी’वर पाठवावी. स्रोताच्या मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतील सामान जाते आणि न दिल्यास डिरेक्टरीसकट जाते. ‘डिलीट’ हा पर्याय तर ‘ड्राय-रन’ने आधी पाहिल्यावाचून कधीही देऊ नये, कारण स्रोत चुकून रिकामा असेल तर तो चांगली प्रतही रिकामी करतो. केवळ आजची प्रत ठेवली तर कालची चूक परत आणता येत नाही, म्हणून तारखेनुसार निदान ७ दिवसांच्या प्रती ठेवाव्यात. डेटाबेसच्या फाइली चालू स्थितीत उचलू नयेत. मायएसक्यूएलसाठी ‘मायएसक्यूएलडम्प’ आणि पोस्टग्रेससाठी ‘पीजी_डम्प’ वापरून सुसंगत प्रत काढावी आणि ती प्रत दुसरीकडे न्यावी.

यानंतरचे काम बहुतेक जण करत नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाची डिरेक्टरी पुसली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत आणि योगायोगाने सुमारे ६ तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून काम पुन्हा उभे करावे लागले. त्या कंपनीने सर्व हकीकत उघडपणे लिहून प्रसिद्ध केली, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. तेव्हा पुसलेली एक फाइल परत आणण्यापासून सुरुवात करून अख्खी ‘/डेटा’ परत आणण्यापर्यंत सराव करावा. डेटाबेसची प्रत तिसऱ्या, कोऱ्या यंत्रावर भरावी, त्यातील नोंदी मूळ संख्येशी जुळवून पाहाव्यात आणि लागलेला वेळ वहीत लिहावा. मालक जेव्हा ‘किती वेळ लागेल?’ असे विचारतो तेव्हा हाच आकडा सांगायचा असतो.

बारावा आठवडा: परीक्षा

‘उल्हास’ पूर्णपणे पुसून टाकावा, त्याच्या स्नॅपशॉटसकट. मग केवळ वही आणि ‘गाढी’वरील प्रती यांच्या आधारे तो नव्याने उभारावा: वापरकर्ते, गट, किल्ली, एनजिनएक्स, फायरवॉल, क्रॉन आणि डेटा. पहिल्या वेळी माझ्या तुकडीतील बहुतेकांना यासाठी पूर्ण रविवार लागतो आणि वहीतील गाळलेल्या गोष्टी एकेक करून समोर येतात. त्या भरून काढाव्यात आणि दोन दिवसांनी पुन्हा पुसावा. दुसऱ्या वेळी दोन-अडीच तासांत काम व्हायला हवे.

शेवटच्या उभारणीच्या वेळी कीबोर्डला आपण हात लावू नये. तुकडीतील दुसऱ्या कोणाला वही द्यावी आणि शेजारी शांत बसावे. पाळी संपताना डेटा सेंटरमध्ये नेमके हेच होते. तुम्ही रबाळ्याहून गाडी पकडलेली असते आणि तुम्ही लिहिलेल्या चार ओळी वाचून दुसरा माणूस सर्व्हर सुरू करत असतो. तो जिथे अडून तुमच्याकडे पाहील, ती जागा वहीत लगेच दुरुस्त करावी.